उमेदवार एका स्टेजवर आणताय? पब्लिकला माइक द्यायचा की घड्याळ लावायचं

महापालिका इलेक्शनला वॉर्डातल्या उमेदवारांना एकत्र बोलवायचं म्हटलं की पहिलं भांडण यावरच होतं. आम्ही मुलुंडला दोन्ही करून पाहिलंय, दोन वेगळ्या निवडणुकांना, म्हणून सांगतो.

खुल्या प्रश्नांची मजा वेगळीच, नाही म्हणत नाही. १९९२ला अमेरिकेत रिचमंडला राष्ट्राध्यक्षपदाच्या डिबेटमध्ये साध्या मतदारांनी प्रश्न विचारले आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश मध्येच घड्याळ बघताना कॅमेऱ्यात सापडले, असलं काही पाठ करून आलेल्या भाषणात दिसत नाही. आमच्याकडे एका काकूंनी विचारलं, "नाल्याचा गाळ काढून कडेलाच ठेवता, पहिल्या पावसात परत आत, मग काढता कशाला?" मला तरी हा प्रश्न सुचला नसता.

पण तो कॉर्डलेस माइक! एकदा गर्दीत गेला की आपला राहत नाही. तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी "छोटासा प्रश्न आहे" म्हणून घेतला, आधी स्वतःची ओळख, मग समाजकार्य, मग आमच्या दादांनी बसवलेले पेव्हर ब्लॉक, तेव्हा कुठे कळलं की हा एका उमेदवाराचाच माणूस, प्रश्न शेवटपर्यंत आलाच नाही आणि टाळ्या मात्र मागच्या रांगांतून ठरवल्यासारख्या. माझा भाचा माइक घ्यायला गेला तर एका हाताने त्याला थोपवून यांचं दुसऱ्या हाताने चालूच. एक अपक्ष बाई होत्या, दोन तासांत त्यांना जेमतेम तीन मिनिटं मिळाली. तिथेच माझं मन उडालं.

पुढच्या वेळी २०२४च्या बायडेन-ट्रम्पच्या अटलांटाच्या डिबेटचे नियम उचलले: उत्तराला २ मिनिटं, खोडून काढायला १, ज्याची पाळी नाही त्याचा माइक बंद. तिकडे समोर पब्लिकच नव्हतं, ते आपल्याकडे कसं जमणार, म्हणून प्रश्न आधीच चिठ्ठ्यांवर घेतले आणि एकच प्रश्न सगळ्यांना. जरा कोरडं झालं, मान्य. एका मोठ्या पक्षाचे साहेब आलेच नाहीत, यायलाच हवं असा कायदाही नाही, मग त्यांच्या नावाची पाटी लावून खुर्ची रिकामी ठेवली.

एक अडचण मात्र खरी. अमेरिकेत त्या बायडेन-ट्रम्प डिबेटला सर्व्हेत १५ टक्के मिळाले तरच स्टेज मिळणार होतं, आपल्या वॉर्डाचा सर्व्हे कोण करतंय, त्यामुळे बोलवायचं तर सगळ्यांना. ११ उमेदवार असले तर एका प्रश्नाला २२ मिनिटं नुसत्या उत्तरांचीच, म्हणजे चार-पाच प्रश्नांच्या वर जाऊ नका. तीनचारच असतील आणि माणसं ओळखीची असतील तर खुलं ठेवून बघा, कदाचित तुमच्याकडे जमेलही.

परवानगी तर लागतेच, आचारसंहिता असते. आणि साउंडवाल्याला ॲडव्हान्स देण्याआधी तो कुणाकुणाच्या सभा करतो तेवढं विचारून घ्या, माइकचं बटण त्याच्याच हातात असतं.