यीस्टचं पेशीचक्र: चालू-बंदचं जाळं की समीकरणं?
नांदेडला एमएस्सीच्या पोरांना पेशीचक्र, म्हणजे पेशी वाढून दुभंगण्याचा क्रम, शिकवताना मी आधी बूलियन (चालू-बंदचं) जाळंच घेते. विहिरीवरची मोटार चालू किंवा बंद, तसं प्रत्येक प्रथिन १ किंवा ०. २००४ साली फांगटिंग ली आणि सहकाऱ्यांनी मुकुलन यीस्टसाठी (कळी फुटून वाढणाऱ्या) ११ घटकांचं असं जाळं मांडलं. म्हणून शक्य अवस्था २०४८, त्यांतल्या १७६४ शेवटी एकाच जागी, जी१ मध्ये (विभाजनानंतरचा, पुढच्या फेरीआधीचा टप्पा), येऊन स्थिरावतात. चौकटीच्या वहीत जी१च्या ओळीत सीएलएन३ (चक्र सुरू करणारं प्रथिन) खाली १ लिहायचा आणि पुढच्या ओळीसाठी प्रत्येक प्रथिनाकडे येणारे जाळ्यातले बाण मोजायचे: चालू करणारे जास्त तर १, बंद करणारे जास्त तर ०, बरोबरी असेल तर आहे तेच (आपोआप विरणारं प्रथिन मात्र ०). तेराव्या ओळीत जी१ परत येतो, तेव्हा पोरांचे चेहरे बघावेत!

अवकल समीकरणांची (काळानुसार होणारा बदल मांडणाऱ्या) वाट वेगळी. जॉन टायसन आणि बेला नोवाक या संशोधकांच्या परंपरेतलं मॉडेल प्रथिनांचं प्रमाण, विभाजनाची वेळ, पेशीचा आकारही सांगतं, शंभराहून जास्त उत्परिवर्तित वाणांशी पडताळलेलं आहे. पण त्याला डझनावारी वेगस्थिरांक (प्रत्येक क्रियेचा वेग ठरवणारे आकडे) पुरवावे लागतात, नि तिथंच नवखी पोरं अडकतात.

‘किती मिनिटांनी?’ विचारायचं असेल तर समीकरणंच घ्या. ‘कशानंतर काय?’ एवढंच असेल, तर माझ्या मते वही-पेन्सिल पुरे.