डायनॅम कॅटलिना: फोमचं फ्लाइंग बोट घेताय तर आधी पोट बघा

गेल्या पावसाळ्यानंतर डायनॅम कंपनीचं पीबीवाय कॅटलिना घेतलं, म्हणजे पाण्यावरून उठणारं, रिमोटवर चालणारं मॉडेल विमान, पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत 1470 मिमी, ईपीओ म्हणजे हलका चिवट फोम, दोन ब्रशलेस मोटर, आणि खरं सांगते, तलावावरून पहिल्यांदा उठलं तेव्हा डोळ्यात पाणीच आलं. घेताना रंगावर जाऊ नका, उलटं करून पोट बघा, मधे पायरीसारखा कट हवाच, त्याच्यामुळे पाणी सुटतं नाहीतर मॉडेल चिकटून नुसतं पळत राहतं. मोटर उंचावर आहेत म्हणून एकदम थ्रॉटल (मोटरचा जोर) दिला की नाक खाली जातं, हळूहळू द्या आणि एलेव्हेटर (शेपटीवरची नाक वर-खाली करणारी पट्टी) थोडा वर ठेवा. पाणी आत जाऊ नये म्हणून मी मॉडेलच्या झाकणाच्या कडेला टेप लावते, घरी आल्यावर झाकण उघडून वाळवते. वारा असेल तर मात्र नकोच.