अर्धा टक्का कार्बन आणि गुलालवाडीतलं चोख मँगनीज

मँगनीजसाठी पवईहून थेट मुंबईच्या धातुबाजारात, गुलालवाडीतल्या या दुकानात कशाला, असं लॅबमध्ये सगळे विचारतात. दोन वर्षांत चार खेपा झाल्या, पाचवीही इथेच.

माझी पीएचडी हाय-एन्ट्रॉपी मिश्रधातूंवर आहे, म्हणजे एकच मुख्य धातू नसून अनेक धातू साधारण सारख्या प्रमाणात असलेल्या मिश्रधातूंवर. लोखंड, निकेल, कोबाल्ट, क्रोमियम, मँगनीज, पाचही अणूंच्या हिशेबात समसमान. ब्रायन कँटर यांच्या गटाने 2004 मध्ये मांडलेला हा मिश्रधातू तुटण्याआधी भरपूर ताणला जातो, पण वाकतो लवकर. त्यात अर्धा टक्का कार्बन, तोही अणूंच्याच हिशेबात, घातला की ते चिमुकले अणू मोठ्यांच्या फटीत बसतात आणि थरांचं घसरणं अडवतात. जास्त झाला तर क्रोमियमशी जुळून कार्बाइड होतं, मग ठिसूळपणा आलाच. 50 ग्रॅमच्या बटणात, म्हणजे वितळवून केलेल्या नमुन्याच्या छोट्या गोळ्यात, हा कार्बन भरतो जेमतेम 54 मिलिग्रॅम.

आधी दुसरीकडून ‘प्युअर’ म्हणून मँगनीज आणलं होतं. कार्बन न घातलेला नमुनाच घातलेल्याइतका कडक निघाला. तीन महिने मी माझी वजनं तपासत बसले, रडलेसुद्धा. शेवटी मँगनीजच तपासायला दिलं, तर कार्बन त्यातच निघाला. बटणात ते 9.8 ग्रॅम असतं; त्यात वजनाने अर्धा टक्का कार्बन असला तरी 49 मिलिग्रॅम झाला! दुधात मिठाचा खडा.

इथल्या काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “ताई, कार्बन चालेल की अजिबात नको?” मग इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे द्रावणातून विजेने काढलेल्या आणि म्हणून कार्बन जवळजवळ नसलेल्या मँगनीजचा डबा उघडला. पातळ पापुद्रे, एक बाजू गुळगुळीत, दुसरी खरखरीत, बोटांत धरले की टचकन मोडणारे. “काळं पडलंय ते ॲसिडने धुऊन घ्या,” असंही बजावलं. अर्धा किलो सुटं दिलं, एवढ्याशा गिऱ्हाइकाला तोंड वाकडं न करता.

एकदा क्रोमियम ॲल्युमिनियमच्या प्रक्रियेने काढलेलं आलं. त्यात ॲल्युमिनियमचा अंश राहतो, मला तो नको होता. हुज्जत न घालता बदलून दिलं. कोबाल्ट मात्र आधी सांगून ठेवावं लागतं, आठवडा जातो.

मस्जिद स्टेशनवरून चालत या, सकाळी अकराच्या आत. तेव्हा काका स्वतः वजन करतात आणि टेस्ट सर्टिफिकेटवरचा लॉट नंबर डब्यावरच्या चिठ्ठीशी बोट ठेवून जुळवून दाखवतात.