रक्ती हगवणीवर अॅम्प्रोलियम की टोल्ट्राझुरिल?

कोंबडीची तीन-चार आठवड्यांची पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात गोळा झाली आणि खाली अंथरलेल्या तुसावर रक्ताळ विष्ठा दिसली, तर बहुधा कॉक्सिडिओसिसच, म्हणजे आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचा आजार. आजारी पिल्लू खाणं सोडतं, पण पाणी बराच वेळ पितं, म्हणून अॅम्प्रोलियम आणि टोल्ट्राझुरिल ही त्यावरची दोन्ही औषधं पाण्यातूनच द्यायची. तेवढे दिवस दुसरं पाणी ठेवायचं नाही.

अॅम्प्रोलियम स्वस्त आणि जुनं. ते दिसायला ब१ जीवनसत्त्वासारखं असतं; परजीवी ते घेतो आणि खऱ्या ब१ ला मुकतो. म्हणूनच सोबत ब१ असलेलं टॉनिक देऊ नका, औषधाचा जोर जातो. ही चूक मी स्वतः केली आहे आणि दोन दिवस हातचे गेले. २० टक्क्यांची पावडर लिटरला साधारण सव्वा ग्रॅम, तीन ते पाच दिवस, मग निम्म्याहून कमी मात्रेत आठवडाभर.

टोल्ट्राझुरिल महाग, पण आतड्याच्या पेशींत लपलेल्या परजीवीच्या सगळ्या अवस्थांवर चालतं. २.५ टक्क्यांचं द्रावण लिटरला १ मिली, सलग ४८ तास, बस्स. अंड्यावरच्या कोंबड्यांना मात्र देऊ नये.

एखाद-दुसरं पिल्लू सुस्त असेल तर मी अॅम्प्रोलियम काढते. रक्त दिसतंय, मर सुरू झालीय, तर पैशाकडे न बघता टोल्ट्राझुरिल. डोस पशुवैद्यकांना विचारून पक्का करा. आणि ओलं तूस त्याच दिवशी उपसा, नाहीतर पिल्लं तेच पुन्हा टोचतात.