लिलीच्या नावाखाली हाँगकाँगची नक्कल: जुनी बाहुली घेण्याआधी तिची पाठ बघा

कॉमिक्समधल्या नायिकांच्या फॅशन बाहुल्या जमवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे, आणि ज्यांची नजर जुन्या जर्मन लिलीवर आहे त्यांच्यासाठी खास. मला अस्सल लिली म्हणून जी बाहुली विकली गेली, ती लिली नव्हतीच. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं, कारण ते लपवण्यासाठी त्याने चांगली मेहनत घेतली होती. माझे पैसे बुडाले. तो मात्र अजून विकतोच आहे, म्हणून सगळं तपशीलवार सांगते.

लिली म्हणजे कोण, हे नव्याने या छंदात आलेल्यांसाठी थोडक्यात. 24 जून 1952 रोजी जर्मनीत 'बिल्ड' हे दैनिक सुरू झालं. त्याच्या पहिल्याच अंकात मोकळी राहिलेली जागा भरायला राइनहार्ट बॉयटीन या व्यंगचित्रकाराने एक चित्र काढलं आणि त्यातून लिली जन्मली. नोकरी करणारी, तोंडाने फटकळ, कुणाच्या बापाला न घाबरणारी. वाचकांना ती इतकी आवडली की 1955 मध्ये हाउसर कंपनीने तिची बाहुली बाजारात आणली. माक्स वाइसब्रोट यांनी घडवलेली ही बाहुली 30 आणि 19 सेंटिमीटर अशा दोन उंचींत मिळायची. सुरुवातीला ती मुलांसाठी नव्हतीच. मोठी माणसं ती गंमत म्हणून घ्यायची, एकमेकांना भेट द्यायची. 1956 मध्ये स्वित्झर्लंडच्या सहलीत मॅटेल या अमेरिकी खेळणी कंपनीच्या सहसंस्थापक रूथ हँडलर यांनी ती पाहिली आणि तिच्यावरून 1959 मध्ये बार्बी आली. पुढे मॅटेलने लिलीचे हक्क विकत घेतले आणि 1964 मध्ये लिलीचं उत्पादन थांबलं. एकूण सुमारे 1,30,000 बाहुल्या निघाल्या असं मानतात. त्यातल्या बऱ्याचशा तुटल्या, हरवल्या, टाकून दिल्या गेल्या. म्हणून चांगल्या स्थितीतल्या लिलीसाठी लोक वाट बघत बसतात, आणि फसवणारा नेमका या वाट बघण्याचाच फायदा घेतो.

दुसरी गोष्ट नकलांची. लिली गाजत होती तेव्हाच हाँगकाँगच्या कारखान्यांतून तिच्यासारख्या दिसणाऱ्या स्वस्त बाहुल्या निघू लागल्या. त्याच वर गेलेल्या बाकदार भुवया, तीच तिरपी नजर, मागे बांधलेली पोनीटेल, पायातच घडवलेले काळे बूट. या बाहुल्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांचेही संग्राहक आहेत आणि 'हाँगकाँग' असा शिक्का पाठीवर मिरवणारी बाहुली प्रामाणिकच म्हणायची. अपराध आहे तो शिक्का घासून काढणाऱ्याचा.

माझ्याकडच्या बाहुलीच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, बोटाच्या पेराएवढी जागा बाकीच्या अंगापेक्षा किंचित खडबडीत आहे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. अंगठा फिरवला की जाणवते. दिवा अगदी आडवा धरून भिंगातून पाहिलं तर बारीक समांतर ओरखडे दिसतात, पॉलिश पेपर एकाच दिशेने फिरवल्यासारखे, आणि त्यांच्याखाली एका अक्षराचा खालचा वळसा अजून शिल्लक आहे. वरून फिकट रंगाचा पातळ हात दिलेला आहे. ते बघितलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नकळत झालेली चूक असती तर मी समजू शकले असते. वारशात मिळालेली बाहुली लोक भाबडेपणाने 'लिली' म्हणून विकतात, तेही होतं. पण पॉलिश पेपर कुणाच्या हातात नकळत येत नाही.

आता युक्ती कशी होती ते सांगते, कारण ती साधी असूनही फार हुशारीने रचलेली होती. बाहुलीच्या अंगावरचे कपडे खरे होते! लिलीच्या जुन्या पोशाखांना जी टिचबटणं असतात, त्यांवर 'प्रिम' या जर्मन कंपनीचं नाव कोरलेलं असतं. अस्सलपणाची ही खूण या छंदातले सगळे जाणतात. विक्रेत्याने न मागता त्या बटणाचा जवळून काढलेला सुस्पष्ट फोटो पाठवला. शिवण, अस्तर, बटण, सगळं बिनचूक. म्हणजे ज्या गोष्टीची आपण आधी शहानिशा करतो, ती त्याने आधीच खरी आणून समोर ठेवली. सुटे जुने कपडे बाजारात वेगळे मिळतात. ते घ्यायचे, नकलेला घालायचे आणि सगळा संच अस्सल म्हणून खपवायचा, असा हा धंदा.

मग बाहुलीच्या अंगाचे फोटो मी मागितले. तेही आले. अस्सल लिलीची मान धडाचाच भाग असते आणि डोकं हनुवटीच्या रेषेवर वेगळं होतं. केस म्हणजे एक सुटी टोपी असते आणि ती आतल्या लपलेल्या धातूच्या स्क्रूने डोक्याला घट्ट केलेली असते. फोटोत हे सगळं दिसत होतं. नंतर कळलं की ते फोटो दुसऱ्याच बाहुलीचे होते, काही वर्षांपूर्वीच्या एका लिलावातून उचललेले. चित्रावरून चित्र शोधण्याची सोय वापरल्यावर मूळ फोटो सापडले. कडा थोड्या कातरून आणि रंग जरा पिवळसर करून ते माझ्याकडे पाठवले होते.

या फोटोंमध्ये एक गोष्ट सुरुवातीपासून समोर होती आणि तीच मला आज सगळ्यात महत्त्वाची वाटते. कपड्यांचे फोटो करड्या कापडावर होते, उघड्या बाहुलीचे लाकडी टेबलावर. कपडे आणि अंग जोडणारा एकही फोटो नव्हता. पोशाख खांद्यावरून अर्धा उतरवलेला आहे, त्याच चौकटीत चेहरा आहे आणि पाठही दिसते आहे, असा फोटो त्याच्याकडे असणं शक्यच नव्हतं. म्हणून हाच फोटो मागा. सुटे सुटे कितीही सुंदर फोटो आले तरी त्यांतून एवढंच कळतं की कुठेतरी एक खरा पोशाख आहे आणि कुठेतरी एक खरी लिली आहे. जोडीला आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी बाहुलीच्या हाताशी ठेवून फोटो काढायला सांगा. आणि बाहुलीला बसवायला सांगा. हाउसरची लिली बसली तरी तिचे पाय फाकत नाहीत. माझ्याकडची बसवली की पाय दोन दिशांना जातात.

हातात घेतल्यावर बाकीचंही उघड झालं. वजनाला पोकळ लागते. कडेने साच्याची शिवण बोटाला लागते. केसांखाली स्क्रू नाही, खाचेत गोंद ओतून केस बसवलेत. सोबत प्लॅस्टिकची पारदर्शक नळी आणि इवलंसं 'बिल्ड' वृत्तपत्र होतं, कारण लिली अशाच नळीत आणि अशाच वृत्तपत्रासह विकली जायची. ते वृत्तपत्र भिंगाखाली धरलं तर घरगुती प्रिंटर उडवतो तसे रंगीत ठिपके विखुरलेले दिसले. कागद चहात बुडवल्यासारखा सगळीकडे सारखाच पिवळा होता. खरा जुना वर्तमानपत्री कागद उजेड आणि हवा लागेल तसा पिवळा पडतो, म्हणजे कडेला जास्त आणि घडीच्या आत कमी.

पैशांचं सांगायचं तर त्याने आग्रह धरला होता की रक्कम ओळखीच्या माणसाला पाठवायच्या पर्यायातून पाठवावी, म्हणजे कमिशन वाचेल आणि तेवढी सूट मला मिळेल. या पर्यायात खरेदीदाराला संरक्षण नसतं. तक्रार केली की उत्तर मिळतं, 'तुम्ही स्वतःहून पैसे पाठवले आहेत.' विक्रीच्या व्यवहारात कुणी हा मार्ग सुचवला तर तो व्यवहार तिथेच सोडा, मग समोरचा कितीही गोड बोलो. मी जाब विचारल्यावर त्याने उलट माझ्यावरच आळ घेतला की खरी बाहुली मी काढून घेतली आणि नकली परत करू पाहते आहे. माझ्याकडे खोका उघडतानाचं चित्रीकरण होतं, ते पाठवल्यावर उत्तर येणं बंद झालं आणि खातंही गायब झालं. चित्रीकरण करताना पार्सलवरच्या पत्त्यापासून सुरुवात करा आणि बाहुलीची पाठ दिसेपर्यंत कॅमेरा बंद करू नका.

अलीकडच्या बाहुल्यांच्या बाबतीत हा प्रकार थोडा अवघड असतो, कारण त्यांना खोका असतो, कंपनीची लेबलं असतात. टोनर या अमेरिकी बाहुली कंपनीच्या 16 इंची डीसी कॉमिक्स नायिका किंवा मॅटेलच्या वंडर वूमन, कॅटवूमन बार्बी यांची माहिती सहज पडताळता येते. तिथेही एक थाप नेहमी ऐकू येते. बार्बीच्या पाठीवर 1966 असं छापलेलं असलं तर ती 1966 ची बाहुली आहे, असं सांगून विकतात. ते साल त्या अंगाच्या साच्याच्या हक्काचं असतं, आणि तो आकडा पुढची कितीतरी वर्षं नव्या बाहुल्यांवर छापला गेला. लेबलाकडेही बघा. मॅटेलच्या वर्गवारीत प्लॅटिनम लेबल म्हणजे 1,000 पेक्षा कमी नग, तर गोल्ड लेबलची मर्यादा 25,000 पर्यंत होती. त्यामुळे गोल्ड लेबलच्या बाहुलीला कुणी 'जगात मोजक्याच उरल्यात' म्हणत असेल तर त्याचं बोलणं तिथेच तोडा.

लिलीच्या बाबतीत मात्र लेबलाचा आधार नाही, आधार आहे तो फक्त बाहुलीच्या अंगाचा. म्हणून एखाद्या जाणत्या संग्राहकाला फोटो दाखवल्याशिवाय पैसे पाठवू नका. 'दुसरा गिऱ्हाईक थांबलाय, आज संध्याकाळपर्यंत सांगा' असं म्हणणाऱ्याला दुसरा गिऱ्हाईक खुशाल घेऊ द्या.

पोलिसांच्या सायबर विभागाकडे सगळे संदेश, फोटो आणि पेमेंटची नोंद दिली आहे. बाहुली मी विकणार नाही, कुणाला भेटही देणार नाही. तिच्या पाठीवर, ज्या जागी शिक्का होता तिथेच, पक्क्या शाईने 'नक्कल' असं लिहून ठेवलं आहे, म्हणजे माझ्यानंतर ती कुणाच्या हाती गेली तरी पुन्हा लिली म्हणून खपणार नाही. सध्या नव्या नावाच्या एका खात्यावर निळ्या पोशाखातली एक लिली विकायला आहे. बटणाचा जवळून काढलेला फोटो तसाच आहे आणि खाली तेच करडं कापड आहे. त्या बाहुलीच्या पाठीचा फोटो मी मागितला, अजून आलेला नाही. तुम्हीही मागा.