विद्यापीठाची चाचणी, कंपनीची चाचणी की नेहमीचे उपचार?

ओपीडीतील तपासणी संपत आलेली असते आणि डॉक्टर म्हणतात, ‘आमच्याकडे या आजारावर एक ट्रायल, म्हणजे उपचाराची रुग्णांवर घेतली जाणारी चाचणी, सुरू आहे. तुम्ही तिच्या निकषांत बसता. घरी विचार करा आणि सांगा.’ हातात माहितीपत्रकाची बरीच पाने येतात, आणि घरी पोहोचेपर्यंत निम्मे नातेवाईक ‘आपल्यावर प्रयोग करणार’ म्हणून घाबरलेले असतात, तर उरलेले ‘नवे औषध फुकट मिळते आहे, संधी सोडू नका’ म्हणून आग्रह धरतात. दोन्ही बाजू माहितीपत्रक न वाचताच बोलत असतात. रुग्णापुढे खरे तर तीन वाटा असू शकतात: वैद्यकीय महाविद्यालयाने किंवा विद्यापीठीय संस्थेने स्वतःच्या प्रश्नासाठी आखलेली चाचणी, औषध कंपनीने बाजारपेठेच्या परवानगीसाठी चालवलेली चाचणी, आणि चाचणीबाहेर राहून घेतलेले प्रचलित उपचार. पहिल्या दोन्ही चाचण्या एकाच रुग्णालयाच्या एकाच वॉर्डात चालू असू शकतात आणि तपासणारे डॉक्टरही तेच असू शकतात, त्यामुळे नुसत्या इमारतीवरून फरक कळत नाही.

फरकाची सुरुवात होते ती प्रश्नापासून. कंपनीला सिद्ध करायचे असते की तिचे औषध सुरक्षित आहे आणि गुणकारीही आहे. तिचा पैसा त्यात गुंतलेला असल्यामुळे आखणी काटेकोर असते, नोंदी बाहेरचे निरीक्षक येऊन तपासतात आणि कागदपत्रांत सहसा ढिलाई नसते. विद्यापीठीय चाचणी मात्र पुष्कळदा असा प्रश्न विचारते ज्याच्या उत्तरातून कोणालाच नफा होणार नसतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे (ही संस्था होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठाशी जोडलेली आहे) दोन दाखले यासाठी पुरेसे बोलके आहेत. तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या अवस्थेत असेल आणि मानेत गाठी लागत नसतील, तर मानेतील लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत थांबावे, याबद्दल जगभरच्या शल्यविशारदांत वर्षानुवर्षे मतभेद होते. टाटा रुग्णालयाने याच प्रश्नावर घेतलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५०० रुग्णांचे निष्कर्ष मांडले गेले. ग्रंथी आधीच काढलेल्या गटात तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण हयात होते, तर थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. दुसरा दाखला निव्होलुमॅब या महागड्या औषधाचा. डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगात ते नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, दिले तर चालेल का, असा प्रश्न तिथल्या डॉक्टरांनी घेतला. १५१ रुग्णांच्या या चाचणीत एक वर्षानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. स्वतःचेच औषध कमी खपावे यासाठी कोणतीही कंपनी पैसे घालणार नाही, हे सांगण्याची गरज नाही.

एवढ्यावरून विद्यापीठाची चाचणी परोपकारी आणि कंपनीची स्वार्थी अशी विभागणी करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा याहून वेगळा आहे: नवे औषध ज्या गटाला मिळणार नाही, त्या गटाला काय मिळणार आहे?

बहुतेक मोठ्या चाचण्यांत रुग्णाचा गट संगणक ठरवतो. चिठ्ठी टाकावी तसेच ते असते. रुग्णाने कितीही विनंती केली तरी, किंवा डॉक्टरांना मनातून काहीही वाटले तरी, गट बदलता येत नाही, आणि पुष्कळदा कोण कोणत्या गटात आहे हे दोघांनाही कळू दिले जात नाही. म्हणजे संमतिपत्रावर सही करताना आपण नव्या औषधाला होकार देत नसतो. दोन्ही शक्यतांना होकार देत असतो. त्यामुळे माहितीपत्रकातील तुलना गटाचा परिच्छेद सर्वांत आधी शोधावा. निव्होलुमॅबच्या चाचणीत तुलना गटातील रुग्ण औषधाविना नव्हते. तिथे परवडणाऱ्या गोळ्यांचा जो उपचार प्रत्यक्षात दिला जात होता तो त्यांना मिळत होता, आणि दुसऱ्या गटाला त्याच गोळ्यांवर निव्होलुमॅबची भर होती. ग्रंथींच्या चाचणीत तर दोन्ही मार्ग जगन्मान्य होते. अशा ठिकाणी चाचणीत जाणारा रुग्ण, बाहेर राहिला असता तर जे मिळाले असते, त्यापेक्षा कमी काही स्वीकारत नाही.

सगळीकडे असे नसते, आणि याचे उदाहरणही मुंबईचेच आहे. १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील १,५१,५३८ स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली. ॲसेटिक ॲसिड, म्हणजे सौम्य व्हिनेगर, लावून गर्भाशयमुखाची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठरावीक काळाने केली तर कर्करोगाचे मृत्यू कमी होतात का, हे तीत पाहायचे होते. तपासणी झालेल्या गटात मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी झाले आणि या स्वस्त पद्धतीला जगभर मान्यता मिळाली. पण उरलेल्या ७६,१७८ स्त्रियांच्या गटाला कर्करोगाची माहिती दिली गेली, नियमित तपासणी दिली गेली नाही, यावर पुढे तीव्र टीका झाली. देशात अशी सार्वत्रिक तपासणी मुळात अस्तित्वातच नव्हती, म्हणून त्या गटाचे काही काढून घेतले गेले नाही, हे संशोधकांचे उत्तर आहे. गर्भाशयमुखाची तपासणी जीव वाचवते हे इतर देशांत आधीच दिसले होते, हे टीकाकारांचे म्हणणे. मला दोन्ही युक्तिवादांत तथ्य दिसते. पण सही करणाऱ्या व्यक्तीसाठी निष्कर्ष एकच निघतो: ‘प्रचलित उपचार’ हे शब्द दिसले की प्रचलित म्हणजे कुठे प्रचलित, आणि माझ्या आवाक्यात जे आहे त्याहून ते कमी तर नाही ना, हे विचारलेच पाहिजे.

नवा गट अधिक भाग्यवान असतो ही समजूतही तपासून पाहावी. २०२० साली करोनाच्या रुग्णांसाठी प्लाझ्मा (करोनातून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातील द्रव भाग) मिळवायला घरोघरचे लोक रक्तपेढ्यांच्या दारात उभे होते, त्याच महिन्यांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर त्याची चाचणी घेतली. आजार गंभीर होणे किंवा मृत्यू येणे यांचे एकत्रित प्रमाण प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के आणि न मिळालेल्यांत १८ टक्के निघाले. त्या धावपळीत ज्यांना प्लाझ्मा मिळाला नाही त्यांचे काहीच हुकले नव्हते, हे नंतर कळले. २०२१ च्या मे महिन्यात प्लाझ्मा राष्ट्रीय उपचारसूचनांतून वगळण्यात आला.

देखरेखीच्या बाबतीत कायद्याने दोन्ही चाचण्यांना वेगवेगळ्या वाटा दिल्या आहेत. १९ मार्च २०१९ रोजी अमलात आलेल्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियमांनुसार नव्या औषधाच्या चाचणीला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी आणि रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीची (संशोधनातील नीतिनियम पाहणाऱ्या समितीची) मान्यता अशी दोन्ही लागतात. बाजारात आधीपासून असलेल्या औषधाचा नवा उपयोग, नवी मात्रा किंवा देण्याची नवी पद्धत तपासणारी आणि विक्रीच्या परवानगीसाठी वापरली न जाणारी शैक्षणिक, म्हणजे विद्यापीठीय प्रकारची, चाचणी मात्र केवळ एथिक्स कमिटीच्या मान्यतेवर सुरू होऊ शकते. तिने वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नीतितत्त्वे पाळायची असतात. ही कमिटी किमान सात जणांची असते, तिच्यात एक कायदेतज्ज्ञ, एक सामान्य नागरिक आणि एक स्त्री असावीच लागते, आणि निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. शैक्षणिक चाचणीत रुग्णाचे बहुतेक संरक्षण या एकाच कमिटीच्या दक्षतेवर अवलंबून असते. औषध जुने, ओळखीचे असते म्हणून ही सवलत दिली आहे, आणि ते तर्कसंगत आहे. तरीही कमिटीच्या सदस्य-सचिवांचा दूरध्वनी क्रमांक माहितीपत्रकात आहे ना, एवढे पाहून ठेवावे.

आता पैशाचा मुद्दा, ज्याविषयी घरात सर्वाधिक चर्चा होते आणि दवाखान्यात सर्वांत कमी. कंपनीच्या चाचणीत औषध, चाचणीसाठीच्या तपासण्या आणि बहुधा प्रवासखर्चही कंपनी देते. शैक्षणिक चाचणीचे अंदाजपत्रक तोकडे असते. चाचणीपुरत्या ज्यादा तपासण्या मोफत असल्या तरी शस्त्रक्रिया, खाट आणि नेहमीची औषधे यांचा खर्च पुष्कळदा रुग्णाकडे किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनेकडे राहतो. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत ‘अप्रमाणित उपचार’ वगळलेले असतात. म्हणून कोणता खर्च चाचणीचा आणि कोणता नेहमीच्या उपचारांचा, ही विभागणी लेखी मागून घ्यावी आणि विमा कंपनीला सही करण्याआधी दाखवावी.

नुकसानभरपाईत हा फरक आणखी मोठा होतो. नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास वैद्यकीय उपचार मोफत मिळायला हवेत. चाचणीमुळे मृत्यू झाल्यास ठरलेल्या सूत्राने भरपाई मिळते: आठ लाख रुपये हा पाया धरून वय आणि आजाराची मूळ जोखीम यांनुसार ती साधारण ४ लाखांपासून ७३.६० लाखांपर्यंत जाते, आणि ज्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता आधीच ९० टक्के किंवा त्याहून अधिक होती त्याच्या वारसांना २ लाख मिळतात. कोणी जितके निरोगी आणि तरुण, तितकी भरपाई मोठी, असा या सूत्राचा अर्थ आहे; मरणासन्न माणसाच्या घरच्यांना तो टोचला तर नवल नाही. कंपनीच्या चाचणीमागे बहुधा विमा असतो. शैक्षणिक चाचणीत भरपाई संस्थेने द्यायची असते, आणि त्यासाठी वेगळा निधी किंवा विमा आहे का, या प्रश्नावर काही ठिकाणी स्पष्ट उत्तर मिळते, तर काही ठिकाणी ‘तसे काही होणार नाही’ असे आश्वासन. आश्वासन मिळाल्यास प्रश्न पुन्हा विचारावा.

चाचणीबाहेरच्या उपचारांची जमेची बाजू या चर्चेत झाकली जाते. तिथे मात्रा रुग्णाला पाहून बदलता येते, डॉक्टर बदलता येतात, आणि ठरावीक दिवशी हजर राहण्याचे बंधन नसते. साताऱ्याहून किंवा परभणीहून मुंबईला येणाऱ्या कुटुंबाला दर तीन आठवड्यांची फेरी म्हणजे बुडालेली रोजंदारी, सोबतच्या माणसाची रजा आणि धर्मशाळेतील रांग. ही किंमत कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते. उलट, चाचणीतील रुग्णाकडे कोऑर्डिनेटर फोन करून चौकशी करतो, तपासण्या चुकत नाहीत आणि त्रासाची नोंद लगेच होते. गर्दीच्या सरकारी ओपीडीत एरवी एवढे लक्ष मिळणे अवघड असते. अनेक जण याच कारणासाठी होकार देतात, आणि ते कारण गैर नाही.

चाचणी संपल्यानंतरचे काय? कंपनीचे नवे औषध लागू पडले आणि त्याला दुसरा पर्याय नसेल, तर डॉक्टरांची शिफारस व एथिक्स कमिटीची मान्यता मिळाल्यावर ते पुढेही मोफत देण्याची तरतूद नियमांत आहे, पण तसे कंपनीने मान्य केल्याचे वाक्य कागदावर शोधावे लागते. शैक्षणिक चाचणीतील औषध बाजारात आधीपासून मिळते, म्हणून प्रश्न उपलब्धतेचा नसून परवडण्याचा असतो.

माझे मत विचाराल तर, प्रचलित उपचार चांगले आहेत, परवडतात आणि घराजवळ मिळतात अशा रुग्णाने कंपनीच्या सुरुवातीच्या टप्प्यातील चाचणीत जाण्याची घाई करू नये, कारण तिथे मुख्यतः औषधाची सुरक्षितता आणि मात्रा तपासली जाते, गुण येण्याची हमी नसते. दोन मान्य उपचारांची तुलना करणाऱ्या शैक्षणिक चाचणीला, भरपाई आणि फेऱ्यांचा हिशेब स्पष्ट असेल तर, मी होकाराच्या बाजूने झुकेन. प्रचलित उपचार थकलेले आहेत आणि पुढे काहीच नाही, अशा रुग्णासाठी कंपनीच्या पुढच्या टप्प्यातील चाचणी ही कधी कधी नवे औषध मिळण्याची एकमेव वाट असते. तिथेही तुलना गटाला काय मिळते हे वाचल्याखेरीज निर्णय घेऊ नये.

हे सगळे पडताळून पाहण्याचे साधन मोफत आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदणी संकेतस्थळावर चाचणीचा क्रमांक टाकला की पैसा कोणाचा, आयोजक कोण, तुलना कशाशी, कोणत्या रुग्णालयांत आणि कोणत्या एथिक्स कमिटीची मान्यता, हे सारे दिसते. मजकूर इंग्रजीत असतो, तेव्हा घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवावे. माहितीपत्रक आणि संमतिपत्र मात्र मराठीतच मागावे, सही केल्यावर त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवावी, आणि चाचणीतून कोणत्याही क्षणी कारण न देता बाहेर पडता येते व त्यामुळे रुग्णालयातील नेहमीचे उपचार थांबत नाहीत, हे वाक्य त्या प्रतीत आहे याची सहीपूर्वीच खात्री करून घ्यावी.