मुलगा-मुलगीपणा पोरं कुठून शिकतात, बंडुरा की कोहलबर्ग? तुळशीबागेतला किस्सा

भाचा साडेतीन वर्षांचा, तुळशीबागेत पितळी भातुकलीपुढे बसकणच मारली, तेवढ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या "अरे, मुलींचं आहे ते" आणि गडी हातातला बंब टाकून उठला. मानसशास्त्रज्ञ बंडुरा हेच म्हणतो ना, पोरं बघून, शाबासकी नि टोमण्यांतून शिकतात. दुसरा मानसशास्त्रज्ञ कोहलबर्ग, त्याचं १९६६चं म्हणणं उलटं, आधी डोक्यात 'मी मुलगा' पक्कं होतं, ३ च्या आसपास नुसती ओळख, पण फ्रॉक घातला तरी मुलगाच राहतो हे कळायला ६-७ उजाडतात, वागणं त्यानंतर. मला बंडुरा जास्त पटतो, कारण गाडी की बाहुली ही निवड २-३ वर्षांतच दिसते, सातव्या वाढदिवसाची वाट कोण बघतंय! फक्त आमची भाची, कुणी काही न बोलता गुलाबी छत्रीसाठीच अडून बसते, तिथे कोहलबर्ग आठवतो.